इमिजिएटली जानराव

जानरावांनी माझ्याकडे स्वतःवर दीड पान लिहून मागितलं, त्याला या चैत्रात नऊ महिने झाले. वाशीमला वधू-वर परिचय मेळावा व्हायचा होता आणि त्याच्या स्मरणिकेत जुन्या मध्यस्थांची ओळख छापणार होते. फोटो त्यांनी आधीच काढून ठेवला होता. "बाबूजी, तुमी ऑफिसात जिंदगी काढली. दीड पान तं तुमच्या डाव्या हाताचा खेळ. पन इमिजिएटली पाहिजे," असं ते म्हणाले. मेळावा झाला, स्मरणिका निघाली, आणि त्यांच्या फोटोखाली फक्त नाव नि गाव छापून आलं. दोष माझा आहे. सरकारी कचेरीत मी एकतीस वर्षं टंकलेखन केलं, पण ते सगळं दुसऱ्यांनी लिहिलेलं होतं. आता लिहायला बसलो तर ते दीड पानात मावत नाही, आणि स्मरणिकेत छापण्याजोगंही राहिलेलं नाही.

जानराव आमच्या किन्हीराजाचेच. माझं नि त्यांचं घर लागून आहे, मधली भिंत एकच आणि तीही फार जाड नाही. सरकारी कागदावर त्यांचा धंदा शेती आहे. ती शेती त्यांच्या बायकोनं, गोजराबाईंनी केली. जानरावांनी सोयरिकी जुळवल्या. गेल्या उन्हाळ्यापर्यंत एकसष्ट. हा आकडा कुठल्या वहीत नाही, त्यांच्या लोखंडी पेटीत आहे. आमच्याकडे लग्नात मध्यस्थाला कुंकवाचा टिळा लावून पांढरी टोपी आणि दुपट्टा देतात. जानराव ती टोपी घालत नाहीत, तो दुपट्टा वापरत नाहीत. घडी घालून पेटीत ठेवतात आणि पाहुणा आला की पेटी उघडून दाखवतात. मध्यस्थीचा एक रुपया घेत नाही, हे कुणी विचारण्याआधीच सांगतात.

मध्यस्थ असण्यात वाईट काही नाही. सुपारी फुटेपर्यंत दोन्हीकडच्यांनी एकमेकांशी थेट बोलायचं नाही, ही रीत कुणा शहाण्यानंच घालून दिली असावी. नकार तोंडावर द्यावा लागत नाही. मधला माणूस त्या नकाराला गुळात घोळवतो आणि दोघांची अब्रू राहते. जानरावांनी मात्र या रीतीचं फाटक केलं आणि त्याची कडी आपल्या हाती ठेवली. त्यांच्याकडे दोन मोबाईल आहेत, काळा मुलीकडच्यांसाठी आणि लाल मुलाकडच्यांसाठी. आलेला निरोप ते कधीच त्याच दिवशी पुढे पाठवत नाहीत. शेजारच्या गावचा होकार आमच्या गावात यायला एकदा अकरा दिवस लागले. पायी निघालेली गाय संध्याकाळी पोचली असती. मी भीत भीत विचारलं तर म्हणाले, "निरोप लगेच पोचला तं त्याचं वजन राह्यत नाई, बाबूजी." आणि त्या अकरा दिवसांत दोन्हीकडच्यांना रोज फोनवर एकच सांगणं चाललेलं असे, की काम इमिजिएटली करून राह्यलो.

हा शब्द त्यांना मीच दिला, म्हणून थोडं पाप माझंही आहे. वीसेक वर्षांपूर्वी ते कचेरीत एक इंग्रजी पत्र घेऊन आले होते. कुठलासा दाखला हवा होता आणि त्यासाठी त्यांना इमिजिएटली हजर व्हायला सांगितलं होतं. मी पत्र वाचून दाखवलं. त्या शब्दाला ते अडले. ताबडतोब असा अर्थ मी सांगितला. त्यांनी तो शब्द तीन-चारदा तोंडात घोळवला आणि तिथून पुढे तो त्यांचाच झाला. चहा इमिजिएटली, एसटी इमिजिएटली, पाऊस इमिजिएटली. दाखला मिळायला त्यांना सात महिने लागले. मला वाटतं, शब्दाचा अर्थ त्यांनी माझ्याकडून नव्हे, आमच्या कचेरीकडून घेतला.

निवृत्तीनंतर मी जुन्या रद्दीवाल्याकडून एक जाड इंग्रजी शब्दकोश घेतला. हजारो पत्रांत जो शब्द टंकला तो आहे तरी कुठला, हे एकदा पाहावं म्हणून पान काढलं. मला जे समजलं ते असं. शब्द मूळचा लॅटिन, फ्रेंचांकडून होत इंग्रजीत आला. सुरुवातीचं 'इम' म्हणजे नाही. पुढचं 'मेडियस' म्हणजे मधला. मध्ये काहीही नसलेला, मध्ये कोणीही नसलेला, असा त्याचा धातूतला अर्थ. दोन गोष्टींच्या मध्ये तिसरी नाही, दोन माणसांच्या मध्ये तिसरा नाही. तसंच दोन क्षणांच्या मध्येही काही नाही, म्हणून ताबडतोब. पाच-सहाशे वर्षांपूर्वी हे दोन्ही अर्थ चालत. आता रोजच्या बोलण्यात घाईच उरली. आमच्या कचेरीत घाईही उरली नव्हती. आपला 'मध्य' आणि त्यांचा 'मेडियस' हे लांबचे चुलत भाऊ, असंही तिथं दिलं होतं.

मी तो कोश उचलून जानरावांच्या ओसरीवर नेला. एवढं धाडस मी सहसा करत नाही. जन्मभर ज्यानं मध्ये बसण्याचं काम केलं, त्याच्या तोंडात जन्मभर 'मध्ये कोणी नको' हा शब्द, हे मला गंमतीचं वाटलं होतं. त्यांना वाटलं नाही. त्यांनी कोश उलटापालटा करून पाहिला आणि म्हणाले, "मध्ये कोनीच नाई? मंग त्या लोकाईचे लग्नं होतेत तरी कशे?" चुलत भावांचं सांगितल्यावर मात्र चेहरा खुलला. "भावकी निघाली म्हना. मंग सोयरीक जमत नाई," म्हणाले आणि कोश माझ्या हातात परत दिला. शब्द त्यांनी सोडला नाही. अर्थ ओसरीवरून माझ्याबरोबर घरी आला.

आता वर्षाराणीबद्दल. ही जानरावांची एकुलती मुलगी. कारंजा लाडला एका दवाखान्यात नर्स आहे. गेल्या उन्हाळ्यात तिचं वय एकोणतीस होतं आणि एकसष्ट लग्नं जुळवणाऱ्याच्या घरात तीच बिनलग्नाची होती. गाव हे जानरावांच्या तोंडावर म्हणत नसे, पाठ फिरली की लगेच म्हणे. तीन स्थळं येऊन गेली होती. मुलगी तिन्हींना पसंत होती. पण स्वतःच्या मुलीचा बाप मध्यस्थ होत नसतो. त्यानं हात जोडून सतरंजीवर बसायचं असतं आणि त्याच्या वतीनं दुसऱ्यानं बोलायचं असतं. जानरावांचा दुसऱ्या मध्यस्थांवर विश्वास नव्हता, कारण मध्यस्थ काय करतात हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून ते निरोप स्वतःच दाबत, स्वतःच वजन वाढवत. तिसऱ्या मुलाला त्यांचा होकार पोचला तेव्हा दुसरीकडे त्याच्या हळदीचा मांडव उभा राहिला होता.

चौथं स्थळ रिसोडचं होतं. इंद्रभान म्हणून एक कास्तकार, रीतीभातीला पक्का, मनानं चांगला. मुलगा विकास, त्याचं शेती अवजारांचं दुकान. मुलगा-मुलगी एका लग्नात एकमेकांना दिसलेले होते आणि दोघांच्या घरी त्याचा अंदाज होता. अडचण एकच होती. इंद्रभाननं निरोप पाठवला की मध्यस्थ कोण ते कळवा, आम्ही बिनमध्यस्थाची सोयरीक करत नाही.

तेव्हा जानरावांनी मध्यस्थ निर्माण केला.

त्याचं नाव मोहनसिंग ठेवलं, गाव कारंजा. नावामागचा विचार त्यांनी मला मोठ्या कौतुकानं सांगितला. आपल्या जातीतला माणूस सांगितला असता तर इंद्रभाननं दोन मिनिटांत त्याचं आजोळ, सासुरवाडी, सगळं काढलं असतं. मोहनसिंगाचं कोण काय काढणार? मग रोज संध्याकाळी मधल्या भिंतीतून मला ऐकू येऊ लागलं. काळ्या फोनवर मुलीचा बाप लीन आवाजात इंद्रभानची ख्यालीखुशाली विचारे, सोयरिकीचं अवाक्षर नाही. पाच मिनिटांनी लाल फोनवर तोंडाला दुपट्ट्याचा बोळा लावून मोहनसिंग बोले, "मैं कारंजा से मोहनसिंग बात कर रहा." हिंदी साधारण तीन वाक्यं पुरे. चौथ्या वाक्यात मोहनसिंग वऱ्हाडी होत असे, पण रिसोडकडच्यांना त्यात खटकलं नाही, कारण आमच्याकडे कुणाचीच हिंदी चौथ्या वाक्याच्या पुढे जात नाही.

मोहनसिंग जानरावांची फार स्तुती करी. असा सज्जन माणूस तीन तालुक्यांत नाही म्हणे. मुलीचं वय सव्वीस सांगितलं. लग्नानंतर ती नोकरी सोडून घर पाहणार, हेही सांगितलं. हे ऐकल्यावर मी भिंतीपासून खाट लांब ओढली. उठून पलीकडे जायला हवं होतं. ते माझ्यानं झालं नाही.

इंद्रभान खूश झाला आणि त्यानं सुपारीचा दिवस धरला. पाटावर मध्यस्थ हवा, एवढंच म्हणाला. पहिल्या तारखेला मोहनसिंगाची एसटी चुकली. दुसऱ्या तारखेला त्याला ताप आला. इंद्रभान म्हणाला, थांबू, माणूस महत्त्वाचा. तिसऱ्या तारखेआधी जानरावांनी मोहनसिंगाला कारंज्याच्या दवाखान्यात घातलं. त्यावर इंद्रभान म्हणाला की मग भेटूनच येतो, होणारी सून तिथंच नर्स आहे, खाट सापडायला अडचण नाही. त्याच संध्याकाळी जानरावांनी मोहनसिंगाला मारून टाकलं. त्यांनी आयुष्यात इमिजिएटली केलेलं हे एकच काम.

त्यांना वाटलं, अडचण मिटली. ते शिट्टी वाजवत माझ्याकडे आले होते. पण रीतीचा माणूस आणि खोटं बोलणारा माणूस यांच्यात नेहमी खोट्याचीच गोची होते. इंद्रभाननं काळ्या फोनवर निरोप दिला. ज्याच्या शब्दावर आपण सोयरीक केली त्याची तेरवी झाल्याशिवाय सुपारी कशी फोडायची? तेरा दिवस थांबू. आणि शुक्रवारी मी कारंज्याला दुखवटा, म्हणजे मयताघरी द्यायचा टोपी-दुपट्टा, घेऊन जातो, त्याच्या मुलाच्या डोक्यावर टोपी ठेवून येतो, घराचा पत्ता द्या.

ज्येष्ठ संपत आला होता. आषाढ लागला की थेट तुळशीच्या लग्नापर्यंत मुहूर्त नाही. आणि विकासच्या मामानं मेहकरकडचं एक स्थळ आणून ठेवलं होतं, ते लोक तेरा दिवसही थांबायला तयार नव्हते. म्हणजे जो जन्मलाच नाही त्याच्या तेरवीपायी वर्षाराणीचं चौथं स्थळ जाणार होतं, आणि पाचवं येईल असं आता गोजराबाईंनाही वाटत नव्हतं. त्या दिवशी जानराव माझ्या ओट्यावर बसले आणि पहिल्यांदाच त्यांच्या बोलण्यात तो शब्द आला नाही. काय करावं, असं विचारत होते. खरं सांगून टाका, एवढंच मला म्हणायचं होतं. मी त्यांना पाणी दिलं.

त्यांनी खऱ्याऐवजी आणखी एक मजला चढवला. मोहनसिंगाच्या घरचे सगळे अस्थी घेऊन हरिद्वारला गेले, असं इंद्रभानला कळवलं आणि वर्षाराणीलाही रात्री फोन करून तेच बोलायला बजावलं. इंद्रभान म्हणाला, घराला कुलूप असलं तरी उंबऱ्यावर दुखवटा ठेवून येईन.

शुक्रवारी तो एसटीनं कारंज्याला उतरला. बाजारातून त्यानं नवी पांढरी टोपी आणि दुपट्टा घेतला आणि धान्याच्या मार्केटात मोहनसिंगाची चौकशी केली. तीन मोहनसिंग निघाले. तिन्ही जिवंत होते. तिसऱ्याच्या घरी इंद्रभाननं आधी हात जोडून दुःख व्यक्त केलं आणि मग खुद्द मोहनसिंगच पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आला. तिथून निघून इंद्रभान सरळ दवाखान्यात गेला.

पुढचं वर्षाराणीनं मला नि माझ्या बायकोला सांगितलं. ती एका म्हाताऱ्या पेशंटला सलाईन लावून वळली तर वॉर्डाच्या दारात इंद्रभान, काखेत कागदात गुंडाळलेलं कापड. त्यानं मोहनसिंगाचं घर विचारलं. हरिद्वार तिच्या ओठांवर तयार होतं. पण तिथं तिच्या नि त्याच्या मध्ये कोणी नव्हतं. ना काळा फोन, ना लाल. तिनं ट्रे खाली ठेवला.

"काकाजी, मोहनसिंग कोनीच नाई. माहे बाबाच ते. दोन फोन हायेत त्याईच्याजवळ."

इंद्रभान बाकावर बसला. त्यानं पाणी मागितलं, तिनं दिलं. त्यानं काही विचारण्याआधी तिनंच पुढचं सांगितलं, की वय सव्वीस नाही, एकोणतीस आहे, आणि नोकरी सोडायची नाही. एवढं आईकडून तिच्या कानावर आलं होतं, मोहनसिंगानं बाकी काय काय सांगितलं ते तिला ठाऊक नव्हतं.

त्यानं काखेतलं पुडकं काढून मांडीवर ठेवलं. मग हे लग्न तुझ्या मनात आहे की बापाच्या, असं विचारलं.

"विकास मले पसंद हाये," ती म्हणाली. "हे बी आजवरी मले कोनी इचारलं नाई."

इंद्रभान उठला. रिसोडातही दवाखाने आहेत, नर्सा तिथंही लागतात, असं काहीसं स्वतःशीच बोलला. दारापर्यंत गेला आणि परत वळला. "आता काकाजी नोको म्हनू. मामाजी म्हन," सासऱ्याच्या हक्कानं म्हणाला. वर्षाराणी म्हणते, तोवर सलाईनची बाटली चार बोटंही उतरली नव्हती.

वॉर्डाच्या बाहेर येऊन त्यानं फोन लावला, तो लाल फोनवर. त्या वेळी मी अंगणात होतो. भिंतीपलीकडे लाल फोन वाजला आणि जानरावांनी सवयीनं दुपट्ट्याचा बोळा तोंडाला लावून "हां, बोलिये" म्हटलं. मोहनसिंगाला मरून चार दिवस झाले होते. त्यानंतर फोन खाटेवर पडल्याचा आवाज आला. इंद्रभान एवढंच बोलला होता, की जानरावभाऊ, परवा सुपारी फोडू, मोहनसिंगाले सांगा आमची काही तक्रार नाई.

मला वाटलं होतं, जानराव आनंदानं नाचतील. ते संध्याकाळी ओट्यावर आले ते खांदे पाडून. लेकीचं जमलं याचा त्यांना आनंद होता, नाही असं नाही. पण काहीतरी रुतलं होतं. शेवटी म्हणाले, "दहा मिनिटांत जमली, बाबूजी. दहा मिनिटांत जमलेली सोयरीक टिकते काय?" मी म्हटलं, टिकेल. ते मान हलवत राहिले. दोन माणसं समोरासमोर बसून दहा मिनिटांत जे करतात त्याला आपल्याला चार महिने लागतात, हे वयाच्या बासष्टाव्या वर्षी कळणं सोपं नसतं. त्यांना ते कळलं असं मी म्हणत नाही. त्यांना ते टोचलं.

लग्न ज्येष्ठातल्या शेवटच्या मुहूर्तावर रिसोडला झालं. जेवणाआधी माईकवाल्यानं यादी वाचता वाचता मध्यस्थांचा सत्कार पुकारला आणि मांडवातल्या माना पुढच्या रांगेकडे वळल्या. मुलाकडच्या दीडशे माणसांना सगळं ठाऊक होतं. अशी गोष्ट पोचायला मध्यस्थ लागत नाही. मला वाटलं, इंद्रभान हात हलवून पुढचं नाव घ्यायला सांगेल. तो उठला. त्यानं काखेतून कागदाचं पुडकं काढलं, त्यावर कारंज्याच्या दुकानाचं नाव होतं. मोहनसिंगासाठी घेतलेला तोच दुखवटा. टोपी पांढरी, दुपट्टा पांढरा. लग्नातली टोपी आणि मयतीतली टोपी कापडानं एकच असते, फरक फक्त टिळ्याचा. इंद्रभाननं ताटातलं कुंकू घेतलं आणि जानरावांकडे पाहत उभा राहिला.

जानरावांनी बसून राहायला हवं होतं. पुढच्या रांगेत खुर्चीवर मी त्यांच्या शेजारीच होतो आणि त्यांचे गुडघे हलताना मी पाहिले. वर्षाराणी स्टेजवरून बघत होती. मग ते उठले. सत्कार पुकारला गेल्यावर बसून राहणं त्यांना कधी शिकताच आलं नाही. त्यांनी मान वाकवून टिळा लावून घेतला, टोपी घातली, दुपट्टा खांद्यावर घेतला आणि दोन्ही बाजूंना नमस्कार केला. टाळ्या जोरात पडल्या. हसणंही त्यातच होतं. इंद्रभान हसला नाही. त्यानं जानरावांना मिठी मारली, आणि मला वाटतं तीही खरी होती.

घरी आल्यावर जानरावांनी पेटी उघडली आणि घडी घालून ते दोन्ही वर ठेवलं. मी तिथंच होतो. गोजराबाई चहाचे कप घेऊन आल्या, पेटीत डोकावल्या आणि म्हणाल्या, "मंग त्या मोहनसिंगाची तेरवी कराची का नाई?" जानरावांनी झाकण लावलं. तेव्हाच त्यांना स्मरणिका आठवली आणि त्यांनी माझ्याकडे दीड पान मागितलं.

मी एकच शंका विचारली. बाकी सगळं लिहीन, पण जुळवलेल्या सोयरिकींचा आकडा काय लिहू, एकसष्ट की बासष्ट?

"बासष्ट," जानराव म्हणाले. माझा प्रश्न आणि त्यांचं उत्तर यांच्या मध्ये काहीही नव्हतं.